मामाची मुलगी आणि विद्वानांचे वाद

जालना जिल्ह्यांतल्या एखाद्या देशस्थ घरीं लग्नाचीं बोलणीं निघालीं, कीं घरचें वडील माणूस आधीं शाखा विचारतें. ऋग्वेद्यांत मामाची मुलगी करण्याची चाल पूर्वापार. माध्यंदिन यजुर्वेदी मात्र आईचें गोत्रदेखील वर्ज्य मानावयाचे. एकाच आळींत, भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांत जें एकाला नातें घट्ट करण्याचें साधन वाटतें, तेंच दुसऱ्याला निषिद्ध! बौधायनानेंही हा भेद पाहिला होता. मामाची किंवा आत्याची मुलगी वरणें हा दाक्षिणात्यांचा आचार, आणि ज्या देशाचा जो आचार तो तेथें प्रमाण, असें सांगून त्यानें लागलीच गौतमाचें विरुद्ध मतही नोंदविलें आहे.

अर्वाचीन काळीं हाच धागा डेक्कन कॉलेजांतील इरावतीबाई कर्वे यांनीं हातीं घेतला. हिंदुस्थानांतील नात्यांच्या रचनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. उत्तरेकडे मुलगी परगांवीं, परक्या कुळांत द्यावयाची. तिला सासर आणि माहेर हीं दोन निराळीं जगेंच. दक्षिणेकडे सासू ही बहुधा आत्या, नवरा लहानपणचा ओळखीचा. म्हणून सुनेच्या डोक्यावरील भार हलका. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्यें. आमच्या मराठवाड्यांतील वाचकभगिनींना हें निराळें समजावून सांगावयास नको.

फ्रेंच पंडित लुई द्युमाँ यांची दृष्टि अगदीं वेगळी. मामा हा आईचा भाऊ म्हणून जवळचा, असें धरून चाललें कीं मर्म हातचें सुटतें, असा त्यांचा रोख. दक्षिणेंत मामा हा प्रथम बापाचा मेहुणा, म्हणजे सोयरा. आणि बापाची सोयरीक मुलाकडे वारशानें येते. तेव्हां लग्न रक्ताच्या नात्यांत होत नसून जुन्या सोयऱ्यांत होतें.

युक्तिवाद मोठा देखणा आहे, यांत शंका नाहीं. पण त्यांत घराणीं तेवढीं बोलतात; मुलगी कोठें आहे? इरावतीबाईंनीं निदान तिच्या बाजूनें उंबरठा ओलांडून पाहिला, आणि एवढ्याचसाठीं आमचा कौल त्यांच्याकडे. तथापि त्यांचें चित्रही अंमळ गोडच आहे. सासू आत्या असली म्हणजे सुनेनें गाऱ्हाणें न्यावयाचें कोणाकडे? बापाकडे जावें तर तें त्याच्या सख्ख्या बहिणीविरुद्ध! माहेर जवळ येतें खरें, पण तोंड बंद होतें.

पुढें लीला दुबे यांनीं १९८६ च्या एका निबंधांत निराळ्याच ठिकाणीं बोट ठेवलें. पुरुष हा बीज, स्त्री ही भूमि. पीक ज्याचें बीं त्याचें, ही उपमा. ती खरी मानली कीं मूल आपोआप बापाच्या कुळाचें ठरतें, आणि भूमीला हक्क विचारण्याचें कारणच उरत नाहीं. आम्हांस वाटतें, ही उपमा रुजलेल्या घरांत मुलगी दूर दिली काय आणि आत्याकडे दिली काय, फरक थोडाच.

कायद्याचीही तऱ्हा पाहण्यासारखी आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें सपिंड विवाह वर्ज्य केला, पण रूढि असेल तेथें सूट ठेवली. बौधायनाला तें आवडलें असतें. २००५ च्या दुरुस्तीनें मात्र वडिलोपार्जित मिळकतींत मुलीला मुलाइतकाच वांटा मिळाला. आतां आत्याच्या घरीं दिलेल्या मुलीनें तो मागितला, तर तिच्याबरोबर आत्यालाही आपला वांटा आठवावयाचा. मग सोयरिकीचीं बोलणीं कशीं चालतात, तें पाहावयास पुन्हा एखाद्या इरावतीबाईंनींच यावें लागेल.