लेन्स निघते का हो?

मंडळी, एक नियम सांगतो, त्यातला बग शोधा.

इफ लेन्स निघते, तर कॅमेरा बाहेर. एल्स, या आत.

बस्स, एवढंच. उघड्या मैदानावर होणाऱ्या बऱ्याच तिकीटवाल्या संगीतमहोत्सवांच्या नियमावलीत बारीक अक्षरांत हे लिहिलेलं असतं. शब्द जरा भारदस्त असतात, 'प्रोफेशनल कॅमेरे आणण्यास मनाई' वगैरे. पण प्रोफेशनल म्हणजे नक्की काय, हे गेटवरच्या माणसाने कसं ठरवायचं? त्याला बिचाऱ्याला सकाळी कुणीतरी सांगितलेलं असतं, लेन्स निघत असेल तर प्रोफेशनल. झालं.

अशाच एका महोत्सवाच्या गेटवर (नाव घेत नाही, आणि पुढे ज्यांची नावं येतील त्यांपैकी ते कुठलंच नाही) माझ्या मित्राला थांबवलं. मित्र हापिसात टेस्टर आहे. त्याचा डीएसएलआर दहा वर्षं जुना, त्यावर पन्नास एमएमची एफ १.८ लेन्स, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक. "लेन्स निघते का हो?" "निघते." "मग गाडीत ठेवून या." गाडी दीड किलोमीटरवर, ढेकळांच्या पार्किंगमध्ये. आमच्या मागचा पोरगा आख्ख्या पगाराचा फोन, दांडी आणि पॉवर बँक घेऊन आरामात आत गेला. आत गेल्यावर पुढचे तीन तास आम्ही स्टेज कमी आणि त्याच्या फोनच्या स्क्रीनवरचं स्टेज जास्त बघितलं.

तर या विकांताचा लेख जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या. माझं म्हणणं साधं आहे. हा नियम हत्यार मोजतो, वागणूक मोजत नाही. आणि त्यामुळे ज्या कुणाचं रक्षण करायला तो केला, त्यातल्या एकाचंही रक्षण करत नाही.

कुठल्याही टेस्टरला विचारा, तो पहिला प्रश्न विचारेल की बाबा रे, रिक्वायरमेंट काय होती? इथे काय असावी? कलाकाराचा कार्यक्रम चोरून रेकॉर्ड होऊ नये, शेजारच्याला त्रास होऊ नये, आणि ज्या फोटोग्राफरला आयोजकांनी पैसे देऊन बोलावलंय त्याची किंमत राहावी. तिसरी गोष्ट मला मान्य आहे. त्यांची जागा, त्यांचे पैसे, धंदा आहे. फक्त मग सरळ तसं लिहा ना! पण पहिल्या दोन गोष्टींसाठी कॅमेरा अडवत असाल तर तुम्ही चुकीच्या माणसाची झडती घेताय राव.

शेजारच्याचा त्रास बघू. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेल्या माणसाच्या मागे अंधार असतो. मागची स्क्रीन बंद करता येते, मिररलेस कॅमेऱ्यात शटरचा आवाजही शून्यावर आणता येतो, आणि कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीला राहतो. फोन मात्र वर जातो, हात लांब करून, डोक्याच्याही वर, आणि तो एक पेटलेला आयत असतो. असे दोनशे आयत समोर असले की मागच्याने काय बघायचं?

आता 'हल्ली फोनही तेवढेच चांगले फोटो काढतात' या वाक्याबद्दल. दिवसा, बागेत, मिसळीच्या प्लेटचा फोटो, अगदी मान्य. रात्री मैदानावर नाही. फोनच्या मागेही एफ १.८ किंवा त्याहून भारी आकडा लिहिलेला असतो, पण पाऊस सारखाच पडत असला तरी अंगणात तुम्ही घंगाळ ठेवलंय की वाटी, यावर पाणी ठरतं. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर. साध्या डीएसएलआरमधला एपीएस-सी साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा. आणि महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातला सेन्सर बोटाच्या नखाएवढा, झूमवाला त्याहूनही लहान. ही वाटी भरत नाही म्हणून फोन अंधारात पाच-दहा फोटो काढून ते एकावर एक रचतो. उभा माणूस त्यात छान येतो. तबलजीची बोटं येत नाहीत! तिथे धुकं येतं आणि फोनमधलं सॉफ्टवेअर त्या धुक्यावर इस्त्री फिरवतं. (आपल्याच जातभाईंनी लिहिलेलं सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे जास्त बोलत नाही. :)) हात थिजवायला सेकंदाचा अडीचशेवा भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो. त्या जुन्या डीएसएलआरवर एफ १.८, आयएसओ ३२०० ठेवलं की स्टेजच्या उजेडात हे जमतं. दाणे येतात फोटोत. येऊ देत की, बोटं तर दिसतात.

राहिला कलाकाराचा हक्क. हा सगळ्यात गंभीर मुद्दा आहे आणि त्यात मी शंभर टक्के कलाकाराच्या बाजूने आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनंतर कलम ३८ मध्ये सादरकर्त्याचा स्वतंत्र हक्क आला. त्याच्या परवानगीशिवाय त्याच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण किंवा दृश्यमुद्रण करून पसरवता येत नाही. कलम ३९ स्वतःच्या खासगी वापरापुरती सूट देतं. आता गंमत बघा. कायद्यातलं 'दृश्यमुद्रण' म्हणजे हलत्या चित्रांचं मुद्रण. म्हणजे कायदा ज्या गोष्टीची काळजी करतो ती गोष्ट, आवाजासकट आख्खं गाणं टिपून रात्रीच जालावर चढवणं, ही फोनची खासियत आहे. स्थिर फोटो काढणाऱ्याने कलाकाराच्या गाण्यातला एकही सूर नेलेला नसतो. हां, तिकीट हाही करारच असतो, आयोजक त्यात हव्या त्या अटी घालू शकतात, त्याला ना नाही. पण 'कलाकारांच्या हक्कांसाठी' असं म्हणत व्हिडिओवाल्याला आत आणि फोटोवाल्याला बाहेर ठेवायचं, हे कुठलं लॉजिक?

तुम्ही म्हणाल, एवढं काय अडलंय फोटोंवाचून? आयोजकांचे फोटो असतातच की. असतात. पण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाराच असतो. म्हणजे ते फोटो कंपनीच्या सर्व्हरवर. प्रायोजकाची पाटी नीट दिसते का, गर्दी भरगच्च दिसते का, हे बघून निवडलेले. कंपनी बंद पडली, सर्व्हर गेला, की फोटो गेले. आपल्या धंद्यात हे आपण रोज बघतो. बॅकअप एकाच ठिकाणी ठेवणाऱ्याला आपण काय म्हणतो?

आणि बॅकअप नसल्याचं दुःख आपल्या संगीताला चांगलं ठाऊक आहे. जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली गेले. त्यांच्या आयुष्यात ध्वनिमुद्रिका निघत होत्या, खपत होत्या, त्यांच्या शिष्या केसरबाईंच्या आहेत, पण खाँसाहेबांचं स्वतःचं ध्वनिमुद्रण नाही. तो त्यांचा निर्णय होता, त्यांचा हक्क होता, आणि आज आपण फक्त शिष्यांच्या गाण्यावरून अंदाज बांधतो. नाही म्हणायचा अधिकार खाँसाहेबांसारख्या गवयाचाच. पार्किंगकडे बोट दाखवणाऱ्या कंत्राटी नियमावलीला तो कुणी दिला?

उलट उदाहरणही पुण्याचंच आहे. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. आज त्या मैफिलींतले मोठे चेहरे आपल्या डोळ्यांसमोर ज्या रूपात आहेत, त्यात सतीश पाकणीकरांच्या कॅमेऱ्याचा मोठा वाटा आहे. त्यांची प्रदर्शनं, दिनदर्शिका बघितलेल्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. एखादा गवई समेच्या आधी डोळे मिटतो तेव्हा त्याच्या कपाळावर काय होतं, ते तिथे दिसतं. ते टिपायला चांगला कॅमेरा लागतो हे खरं, पण त्याआधी सम कुठे येणार आहे हे कळावं लागतं. म्हणून 'गाणं ऐकायला जातोस की फोटो काढायला?' या टोमण्याला माझं उत्तर ठरलेलं आहे. न ऐकता तो फोटो येतच नाही.

मशीनगनवाले असतात, कबूल. आलाप चालू असताना खटखटखट वीस फोटो काढणारे, फ्लॅश मारणारे, वाटेत ट्रायपॉडचे पाय पसरणारे. त्यांना कॉलर धरून बाहेर काढा, मी मदतीला येतो.

बरं, नियमच नसला तर काय होतं? तेही बघून घ्या, त्यासाठी लांब जायला नको. मी शिक्रापूरचा. आमच्या नगर रोडवर पुण्याच्या दिशेने गेलात की वाघोलीच्या आत केसनंद लागतं. २००७ मध्ये गोव्यात सुरू झालेला सनबर्न २०१६ साली उठून थेट तिथे आला होता, त्यामुळे मैदान, कुंपण, मनगटाला पट्टा ही संस्कृती आमच्या गावांना नवीन नाही. पण आमचा खरा मैदानी महोत्सव त्याहून कितीतरी जुना. चैत्रातल्या यात्रा. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तिथे जाऊन सुपारी देतात, आणि मग शिरूर, दौंड, खेड, जुन्नर सगळीकडे रात्री तमाशा, सकाळी हजेरी. पैसे गावच्या वर्गणीतून. गेट नाही, पट्टा नाही, लेन्स निघते का विचारणारं कुणी नाही.

तिथे मोठे कॅमेरे क्वचितच दिसतात. फोन मात्र शेकड्याने. स्टेजला छाती टेकवून, खालून वर धरलेले. नाचणाऱ्या बाईला कुणी विचारलेलं नसतं. सकाळी ती पुढच्या गावच्या ट्रकमध्ये झोपलेली असते तेव्हा तिची क्लिप भलत्याच मथळ्याखाली फिरायला लागलेली असते. त्यावर मिळालेच तर पैसे चढवणाऱ्याला. तिला काय? आमच्या यात्रा कमिट्यांना फटाक्यांचं नियोजन जमतं, कुस्त्यांचं जमतं, मग 'पहिल्या रांगेत फोन खाली' एवढी एक अनाउन्समेंट का जमू नये?

आणि याच तमाशावर संदेश भंडारे यांचं 'तमाशा: एक रांगडी गंमत' हे फोटोंचं पुस्तक आहे. बघितलं नसेल तर मिळवून बघा. स्टेजवरच्या आणि स्टेजमागच्या माणसांकडे बघण्याची नजर त्यात आहे. असे फोटो बाईच्या आणि फडाच्या परवानगीशिवाय, त्यांच्यात वावरल्याशिवाय मिळत नाहीत. विठाबाई नारायणगावकर २००२ साली गेल्या. तमाशातलं एवढं मोठं नाव. आता डोळे मिटून आठवा, विठाबाईंचे किती फोटो तुमच्या डोळ्यांसमोर येतात? एक? दोन?

म्हणजे एकीकडे चांगल्या कॅमेऱ्याला बंदी आणि फोनला मोकळं रान, दुसरीकडे सगळ्यालाच मोकळं रान. दोन्हीकडे त्रास देणारं यंत्र तेच, आणि दोन्हीकडे कलाकाराला कुणी विचारलेलं नाही. लेन्स निघते की नाही याचा संबंध आला कुठे?

नियम करायचाच असेल तर अवघड नाही. परदेशातल्या रॉक कार्यक्रमांत स्टेजजवळच्या फोटोग्राफरना जुना दंडक आहे, पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग बाहेर. (आपल्याकडे विलंबित ख्यालाला हा दंडक लावला तर तीन गाण्यांत रात्र सरेल, ते सोडा.) आपल्याला हवा तसा बदलून घ्यावा. ज्याला कॅमेरा आणायचाय त्याने तिकिटाबरोबर नाव नोंदवावं, हवं तर पन्नास जणांपुरतंच. कडेची जागा घ्यावी. फ्लॅश नाही, फोकससाठी पेटणारा तो लाल-केशरी दिवाही बंद, मागची स्क्रीन बंद, व्हिडिओ नाही. फोटो विकायचे नाहीत. कलाकार 'नको' म्हणाला तर त्याच्या कार्यक्रमात कॅमेरा पिशवीत. आणि हेच नियम फोनलाही, तंतोतंत. मोडला की बाहेर, मग हातात काही का असेना.

तोवर ज्यांच्या बॅगेत चांगला कॅमेरा धूळ खात पडलाय, त्यांनी चैत्राची वाट बघावी. आमच्याकडची धूळ वेगळ्या जातीची असते, त्यामुळे मैदानावर लेन्स बदलायच्या भानगडीत पडू नका, एकच लावून जा. जिथे लेझरचे झोत असतील तिथे सेन्सर जपा, झोत सरळ लेन्समध्ये घुसला तर तो जळू शकतो. जायच्या आधी संध्याकाळीच फडाच्या मॅनेजरला भेटा, कलाकारांनाही विचारा, आणि नाही म्हणाले तर पहिल्या रांगेत बसून नुसता तमाशा बघा. हो म्हणाले तर फोटोंच्या प्रिंट काढून द्या, व्हॉट्सॅपवर ढकलू नका. आठवडाभराने फड कुठल्या गावाला असेल ते मॅनेजरकडूनच लिहून घ्या, म्हणजे प्रिंट कुठे पोचवायच्या ते कळेल.