आजार दोघांचा, चिठ्ठी एकाची

वाशीम जिल्ह्यातल्या गावांत आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक तपासणी अर्ज भरतात. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कुणाला मधुमेह आहे का, असे प्रश्न त्यात असतात. साठी ओलांडलेल्यांसाठी काही वेगळे प्रश्न आहेत. त्यांतला एक असा : जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होतो का? उत्तर ‘हो’ आले तर त्या व्यक्तीला डॉक्टर असतील अशा जवळच्या दवाखान्यात पाठवायचे असते.

म्हणजे स्मृतिभ्रंशाचा प्रश्न सरकारी कागदावरून का होईना, गावातल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत आला आहे. पण हा प्रश्न विचारला जातो तेव्हा म्हाताऱ्या माणसाशेजारी आणखी कुणीतरी उभे असते. बहुतेक वेळा सून, कधी बायको, कधी माहेरी परतलेली लेक. रात्री तुला झोप मिळते का, हे तिला विचारणारा रकाना त्या अर्जात नाही. दवाखान्यातून परत येताना चिठ्ठीवर गोळ्या लिहिलेल्या असतात. घरी गेल्यावर या माणसाशी वागायचे कसे, हे मात्र कुणी लिहून देत नाही.

हा प्रश्न किती घरांचा आहे? देशभरातल्या ज्येष्ठांच्या पाहणीवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात साठीपुढच्या दर शंभरांपैकी ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना. शहरांत हे प्रमाण ५.३ टक्के, तर ग्रामीण भागात ८.४ टक्के आढळले. पुरुषांत ५.८ आणि स्त्रियांत ९ टक्के. हा श्रीमंतांचा, शहरातल्या एकट्या म्हाताऱ्यांचा आजार आहे, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

आता हेच प्रमाण वाशीमला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास १२ लाख होती आणि दर दहांपैकी आठजण खेड्यात राहत होते. शंभरात दहाजण साठीपुढचे धरले तरी ते १ लाख २० हजार होतात आणि देशाच्या सरासरीने त्यांतले नऊ हजारांच्या आसपास लोक स्मृतिभ्रंशाचे. हा ढोबळ हिशेब आहे, जिल्ह्याची मोजणी नव्हे. त्यात अगदी सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्णही आले. तरी एक गोष्ट त्यातून कळते. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशाताई असते. म्हणजे प्रत्येकीच्या हद्दीत अशी सात-आठ घरे असण्याचा संभव आहे. तिला ती कदाचित माहीतही असतील, पण ‘म्हातारपण’ या नावाने.

कारण आपल्याकडे या आजाराला नाव आधीच देऊन ठेवले आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हटले की विषय संपला. ‘म्हातारचळ’ म्हटले की हसण्यावारी नेले. त्याहून पुढे गेले की ‘बाहेरचे काही’ असेल म्हणून जाणत्याकडे नेले. वय वाढते तसे नाव पटकन आठवत नाही, चष्मा सापडत नाही, हे होतेच. पण चष्मा हातात घेऊन तो कशासाठी असतो हे न समजणे, चाळीस वर्षे केलेली भाजी कशी करायची ते विसरणे, स्वतःच्याच गल्लीत रस्ता चुकणे हे म्हातारपण नव्हे. तो मेंदूचा आजार आहे. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे आजार हे दुसरे.

एक घर डोळ्यांसमोर आणा. कुठल्या एका गावचे नव्हे, अशा अनेक घरांचे मिळून एक. सासूबाई पंचाहत्तरीच्या. सोयाबीन सोंगणीला आलेले. सासूबाईंना एकटे सोडले तर त्या बाहेर पडतात आणि गावाबाहेर शेतातली विहीर लांब नाही. म्हणून सून दाराला बाहेरून कडी लावून शेतात जाते आणि दिवसभर तिचा जीव टांगणीला असतो. दुपारी परत यावे तर सासूबाई शेजारणीला सांगत असतात, ‘सकाळपासून मला कुणी जेवायलाच दिलं नाही.’ पाटल्या सापडत नाहीत तेव्हा चोर सूनच ठरते. दिवेलागणीला त्या ‘मला घरी जायचं आहे’ म्हणून दार ठोठावतात. घर म्हणजे माहेर, साठ वर्षांपूर्वीचे. पुण्याला नोकरी करणारा दीर फोनवर आईशी पाच मिनिटे बोलतो आणि म्हणतो, ‘आई तर ठणठणीत आहे.’

सुनेला यातले काहीही आजार म्हणून कुणी समजावलेले नाही. त्यामुळे ती वाद घालते. ‘आत्ताच तर जेवलात!’ वाद वाढतो, सासूबाई चिडतात, हात उगारतात. ती रडते, कधी तीही आवाज चढवते आणि रात्री त्याचा पश्चात्ताप करते. गावात मात्र चर्चा होते ती सून सासूला उपाशी ठेवते, याची.

खरे तर तिला शिकवण्यासारख्या गोष्टी मूठभरच आहेत. नुकतेच घडलेले मेंदूत टिकत नाही, म्हणून ‘जेवले नाही’ हे खोटे बोलणे नसते. तिथे पुरावा देण्यापेक्षा चार मुरमुरे पुढे ठेवून विषय बदललेला बरा. दिवेलागणीला अस्वस्थता वाढते, म्हणून त्याआधी दिवा लावावा, गडबड कमी करावी, हाताला शेंगा सोलण्यासारखे काम द्यावे. रोजचा क्रम शक्यतो मोडू नये. एका वेळी एकच सूचना द्यावी. भरवताना बसवून, छोटे घास द्यावेत. आडवे असताना पाणीही पाजू नये. गळ्यात किंवा कपड्याला नाव आणि फोन नंबर असावा.

आणि एक गोष्ट तर प्रत्येक घराला माहीत असायलाच हवी. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो, एका रात्रीत नव्हे. कालपर्यंत बरे असलेले माणूस आज अचानक बरळू लागले, गुंगीत गेले, तर त्यामागे लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, पाण्याची कमतरता, बद्धकोष्ठ किंवा नवे औषध असू शकते. ‘आजार वाढला’ म्हणून घरी बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तसेच, विसरणे म्हणजे दरवेळी स्मृतिभ्रंश नसतो. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य यांनीही स्मरणशक्ती ढासळते आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणून पहिली तपासणी टाळू नये. रात्री झोपत नाही म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणून देऊ नये. काही शामक औषधांनी म्हाताऱ्या माणसाचा तोल जाऊन हाड मोडते. चिडचिडीवर दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी अशा रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचाही धोका वाढतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्याच दिवसांसाठी घ्यायची असतात.

स्मृतिभ्रंश बरा करणारे औषध आज नाही. काही गोळ्यांनी काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य होतात, एवढेच. मग उपचाराचा मोठा भाग राहतो तो काळजी घेणाऱ्याच्या हातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांची काळजी घेणारे घरचे लोक दिवसाला सरासरी पाच तास त्यात घालवतात आणि या तासांतले ७० टक्के स्त्रियांच्या वाट्याला येतात. हे काम पगाराविना, रजेविना आणि प्रशिक्षणाविना चालते.

घरी येऊन शिकवल्याने खरेच फरक पडतो का? याचे एक चांगले उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात मिळाले आहे. ‘१०/६६’ नावाचा एक आंतरराष्ट्रीय संशोधकगट आहे. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, पण संशोधन तिथे दहा टक्क्यांहूनही कमी, यावरून ते नाव पडले. या गटाशी जोडलेले डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दोन तालुक्यांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रयोगात ८१ कुटुंबे होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांतली ४१ निवडली गेली आणि त्यांना मदत लगेच मिळाली. उरलेल्या ४० कुटुंबांना ती नंतर मिळणार होती. मदत करणारे मोठे तज्ज्ञ नव्हते. स्थानिक भाषा बोलणाऱ्या गृहसल्लागारांना आठवडाभराचे प्रशिक्षण दिले होते. सहा महिने ते साधारण पंधरा दिवसांतून एकदा घरी जात. आजार म्हणजे काय ते सांगत, वागण्यातल्या अडचणींवर घरच्यांसोबत उपाय शोधत, बाकीच्या नातेवाइकांना काम वाटून घ्यायला सांगत, सरकारी योजनांची माहिती देत. त्यांच्या पाठीशी समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ होते. औषधाची गरज पडली तर ते बघत.

निकाल काय लागला? मदत मिळालेल्या घरांत काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले, रुग्णाच्या वागण्याचा होणारा जाच कमी झाला. रुग्णांच्या वागण्यात आणि क्षमतेत मात्र ठामपणे सांगता येईल इतका फरक पडला नाही. प्रयोगाच्या काळात १८ रुग्ण दगावले. अभ्यास लहान होता, हेही लक्षात ठेवायला हवे. तरी त्याचा अर्थ मोलाचा आहे : आजार तोच राहिला, पण तो सोसणे सुसह्य झाले. ज्या आजाराला बरे करता येत नाही, तिथे हे यश थोडे नव्हे.

आजकाल अशा प्रश्नाला ‘एखादे ॲप काढा’ असे उत्तर येते. जागतिक आरोग्य संघटनेने काळजी घेणाऱ्यांसाठी ‘आयसपोर्ट’ नावाचा चांगला ऑनलाइन पाठ्यक्रम तयार केला आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतल्या तज्ज्ञांनी तो भारतासाठी बेतला. पण भारतातल्या चाचणीत बरेच जण तो शेवटपर्यंत नेऊ शकले नाहीत. यात नवल नाही. रात्रभर जागलेली बाई धडे वाचायला बसणार कधी? तिच्या ओट्यावर येऊन बसणारे माणूस हवे.

वाशीममध्ये असे माणूस कुठून आणायचे? ‘आशाताई आहेतच की’ हे सोपे उत्तर झाले. त्यांच्याकडे आधीच गरोदर बायांपासून क्षयरोगापर्यंतची कामे आहेत आणि मोबदल्यासाठी त्यांना अलीकडच्या वर्षांत पुन्हा पुन्हा संपावर जावे लागले. रुग्ण ओळखून नोंदवण्याचे काम त्यांचे राहू द्या आणि त्याचे पैसे द्या. पंधरवड्याच्या भेटींसाठी वेगळी माणसे हवीत. जिल्ह्यात वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके आहेत. गोव्यासारखे तालुक्याला दोन गृहसल्लागार नेमले तर सुरुवातीला बारा माणसे लागतील. बाराजण नऊ हजार घरांना पुरणार नाहीत हे उघड आहे. पण सर्वांत अडलेल्या घरांपासून सुरुवात होईल आणि वऱ्हाडातल्या खेड्यांत काय चालते, काय चालत नाही, हे कळेल.

पाठबळाला यंत्रणाही नव्याने उभारायची नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांत ज्येष्ठांची काळजी आणि मानसिक आरोग्य दोन्ही आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भ-मराठवाड्यात ‘प्रेरणा प्रकल्प’ आखला गेला, तेव्हा गावपातळीवर मनाच्या आजाराची विचारपूस करता येते हे आरोग्य खात्याने मान्य केलेच होते. २०१८ पासून वाशीम केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. त्या यादीत कुपोषण, लसीकरण, शाळा यांची मोजदाद होते, आणि ती व्हायलाच हवी. पण घरात अडकून पडलेल्या बाईचे बुडालेले सोंगणीचे दिवस कुठल्याच तक्त्यात दिसत नाहीत.

शासन जागे होईपर्यंत घराने काय करावे? ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला मोफत मिळतो, काळजी घेणाऱ्यांनीही तिथे स्वतःसाठी फोन करावा. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ आहे. आजाराच्या सुरुवातीलाच, माणूस स्वतः निर्णय घेऊ शकतो तोवर, बँकखाते, पेन्शन, सातबारा यांचे व्यवहार त्याच्या इच्छेने आणि सर्व भावंडांसमोर मार्गी लावावेत. नंतर घेतलेल्या अंगठ्यांवरून घरे फुटतात. आणि पुण्या-मुंबईच्या भावांनी फोनवरचा निकाल थांबवावा. वर्षातून पंधरा दिवस, तेही सोंगणीच्या हंगामात, घरी येऊन आईजवळ थांबावे. पैसे पाठवण्यापेक्षा ती मदत मोठी.

शेजारच्या घरातली म्हातारी ‘मला जेवायला दिलं नाही’ म्हणाली, तर लगेच विश्वास ठेवू नका आणि लगेच हसूही नका. आत जा, सुनेला विचारा, ‘तू जेवलीस का?’ आशाताईंच्या अर्जात हा प्रश्न येईल तेव्हा येईल. तोवर तो आपण विचारायला हरकत नाही.