किंमत नसलेलं मेनूकार्ड

मंडळी, मागच्या उन्हाळ्यात लेकाकडे लोझानला गेले होते तेव्हाची ही गोष्ट. लिहू की नको करत राहिले, कारण चूक माझी आहे आणि लेकही हा ब्लॉग वाचतो.

माझ्या पंचाहत्तरीनिमित्त त्याने जिनिव्हा सरोवराच्या काठी (तिथले लोक त्याला लेमां म्हणतात) एका बड्या हॉटेलात टेबल राखून ठेवलं होतं. सगळे मासेच, आणि तेही नऊ ताटल्यांत. काय वाढायचं ते आचारी ठरवणार! माझ्या हाती आलेल्या मेनूकार्डावर किमतीच नव्हत्या. सूनबाई म्हणाली, "आई, पाहुण्यांच्या कार्डावर नसतात."

पहिल्या ताटलीत ब्रिटनीच्या समुद्रातून आणलेलं एक कालव. एकच! आमच्या देवगडकडे कालवं वाट्यावर मिळतात. तिसऱ्या ताटलीला माझ्या तोंडून निघालंच, "अरे, यापेक्षा घरी बांगड्याचं तिखलं केलं असतं." लेक काही बोलला नाही. पाण्याकडे बघत राहिला.

पहिल्या पगारातून मी आईला इरकल घेतली होती. ती घडी न मोडताच म्हणाली होती, "कशाला एवढे पैसे घातलेस?" तेव्हा मी मागच्या दारी जाऊन रडले होते. आणि आता तेच मी करत होते. आपल्या पिढीला काटकसर हा गुण वाटतो, पण देणाऱ्याच्या तोंडावर केलेला हिशेब हा निव्वळ उद्धटपणा आहे असं माझं मत झालंय.

तरी एक तक्रार शिल्लक आहेच. खिडकीबाहेर एवढं पाणी असताना शेकडो किलोमीटरवरून कालवं कशाला आणायची? त्या जेवणातली खरी ताटली पाचवी. सरोवरातला मासा, नुसता लोण्यावर परतलेला. नाव फेरा. (नाव ऐकून मला हसू आलं, चौऱ्याऐंशी लक्षांतला माझा हाच फेरा असावा!) गोडसर, मऊ, आपल्या मुडदुशांची आठवण व्हावी असा. मी लेकाकरवी त्याची चौकशी केली. तर वेटर म्हणाला, मूळचा फेरा 1920 च्या सुमारासच संपला. आज त्या नावाने खातात तो त्याचा भाऊबंद, दुसरीकडून आणून सोडलेल्यांचा वंश. नाव तेवढं जुनं!

घास हातातच राहिला. 2023 मध्ये आपल्या सरकारने पापलेटला राज्यमासा केलं, तेव्हा कौतुक वाटलं होतं. पण बाजारात तळहाताएवढी पिल्लं "पापलेट घ्या" म्हणून विकली जातात आणि आपणही स्वस्त पडतात म्हणून घेतो. मीही घेतलीयत. नऊ ताटल्यांचे पैसे जास्तच असतील, पण कुठला मासा, कुठून आला, हे विचारलं की सांगणारा माणूस तिथे होता. आपल्याकडे विचारणारंच कोण आहे? मी तरी कधी विचारलं?

उरलेल्या चार ताटल्या मुकाट्याने आणि, खरं सांगते, आवडीने खाल्ल्या. बिलाचा आकडा मला अजून कळलेला नाही. विचारलाही नाही.

परतीच्या गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग लेक हळूच म्हणाला, "आई, तिरफळं आणली आहेस का गं?"

आणली होती. बॅगेत, मोज्यांच्या जोडीत गुंडाळून.