पेठेच्या आवारातील धडका व आपले कर्तव्य

धान्याचा घाऊक व्यापार आज सर्वस्वी मालमोटारीवर अवलंबून आहे. शेतकऱ्याची तूर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून अडतीवर येते, तेथून मालमोटारीने डाळमिलीत जाते, आणि तयार झालेली डाळ पुन्हा मालमोटारीनेच हैदराबाद, सोलापूर, पुणे अशा शहरांकडे रवाना होते. असे असताना वाहने कशी चालवावी व कोठे उभी करावी हा प्रश्न पोलीस खात्याचा आहे, व्यापाऱ्याचा नव्हे, असे आपल्यापैकी पुष्कळजण मानतात. ही समजूत कितपत योग्य आहे, याचा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने करावा असे मनात आहे. हमरस्त्यावरील भीषण अपघातांची वार्ता वर्तमानपत्रांत येते. पेठेच्या आवारात, दुकानांपुढे आणि वाहनतळावर ज्या धडका होतात त्यांची मात्र कोठेच नोंद होत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख मुख्यतः या दुसऱ्या प्रकारावर आहे.

आमचे दुबलगुंडी हे बिदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील गाव. हुमनाबाद येथे पुण्याहून हैदराबादेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग 65 आणि नांदेड-बिदरकडून कलबुर्गी-विजयपूरकडे जाणारा महामार्ग 50 एकमेकांस मिळतात. त्यामुळे या मुलखात अवजड वाहनांचा राबता मोठा आहे. पूर्वी बाजारास बैलगाड्या येत. गाडी मागे घ्यावयाची तर गाडीवानास खाली उतरावे लागे, बैलांना हाताने धरावे लागे, प्रसंगी चाकास खांदा द्यावा लागे. गाडी सोडली की बैल वेगळे बांधून चाकाखाली धोंडा लावण्याचा रिवाज होता. आजचा चालक उंच आसनावर बसूनच कित्येक टनांचे वाहन मागे रेटतो. जुना रिवाज गेला आणि त्याच्या जागी नवा रिवाज घडला नाही, हे आजच्या गोंधळाचे मूळ आहे.

पौष-माघात तुरीची आवक सुरू झाली म्हणजे आवाराचे रूप पाहावे. एका बाजूस ट्रॉल्यांची रांग, दुसऱ्या बाजूस भरून निघावयाच्या मालमोटारी, मधल्या जागेत दुचाकी गाड्या, आणि सावली पाहून उभी केलेली एखाद्या दुकानदाराचीच मोटार. पाठीवर पोते घेतलेल्या हमालाची मान खाली असते. त्यास पुढची चार पावलेच दिसतात. मालमोटारीच्या चालकास आरशांतून वाहनाच्या दोन्ही कडा दिसतात, परंतु हौद्याच्या नेमकी पाठीमागची जागा दिसत नाही. क्लीनरने खाली उतरून मागे उभे राहावयाचे, तर तो ताडपत्री सोडण्यात गुंतलेला असतो, किंवा खर्च वाचविण्यासाठी मालकाने त्यास ठेवलेलेच नसते. 1 जुलै 2019 पासून तयार होणाऱ्या प्रवासी मोटारींत मागील अडथळ्याची सूचना देणारे यंत्र सक्तीचे झाले आहे. ही सोय चांगलीच आहे. तथापि यंत्र सूचना देते. थांबावयाचे ते माणसालाच.

आमच्या पेठेत एका हंगामात अशीच मागे येणारी मालमोटार आणि दुकानाचा ओटा यांच्यामध्ये एका हमालाचा पाय सापडला. दोन महिने तो घरी बसून होता. वाहनाच्या मालकाने दवाखान्याचा पहिला खर्च दिला. बुडालेल्या मजुरीचा प्रश्न निघाला तेव्हा, हमालाने पाहून चालावयास हवे होते, असे उत्तर आले. पाठीवर ओझे असलेल्या माणसाने मागे कसे पाहावे, हे सांगण्यास कोणी पुढे आले नाही.

याहून लहान धडका तर रोजच्या झाल्या आहेत. उभ्या दुचाकीचा दिवा फुटतो, मोटारीचे दार चेपते, ओट्याचा खांब कलतो. मालक बाहेर येऊन पाहतो तो धक्का देणारा केव्हाच निघून गेलेला असतो. विचारल्यास शेजारी म्हणतात, ‘कोणीतरी लावून गेला.’ आपण व्यापारी माणसे आहोत. जमा-नावे यांचा धर्म आपणांस शिकवावा लागत नाही. एखाद्याने दुकानात येऊन तेलाचा डबा सांडला आणि मुकाट्याने पाय काढला, तर त्यास आपण भला माणूस म्हणणार नाही. मग दुसऱ्याच्या वाहनाची नासधूस करून न सांगता जाणाऱ्यास वेगळा न्याय कशासाठी? झालेले नुकसान नाहीसे होत नाही, ते कोणाच्या तरी खाती पडतेच. सांगून जाणारा ते आपल्या नावे लिहितो. न सांगता जाणारा ते परक्याच्या नावे टाकतो. खोट्या मापाने दोन शेर कमी घालण्यात आणि यात मला काडीचे अंतर दिसत नाही.

कायद्याचे म्हणणेही येथे लक्षात घेतले पाहिजे. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 134 अन्वये वाहनामुळे कोणास दुखापत झाल्यास अथवा परक्याच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास, चालकाने जखमीस वैद्यकीय मदत मिळवून दिली पाहिजे, आणि घटनास्थळी पोलीस नसल्यास लवकरात लवकर, फार तर 24 तासांच्या आत, जवळच्या ठाण्यावर खबर दिली पाहिजे. हे कलम जखमेइतकेच नुकसानीसही लागू आहे, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. त्याच कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे फक्त सडक असे म्हटलेले नाही. जेथे जाण्याचा जनतेस हक्क आहे अशी जागाही तीत येते. तेव्हा पेठेस भिंत व फाटक आहे म्हणून कायदा फाटकाबाहेर थांबतो, असे कोणी समजू नये. अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकास वा मालकास 2019 च्या दुरुस्तीने तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. आपल्या भागात मिसरूड न फुटलेली पोरे ट्रॅक्टर हाकताना दिसतात, म्हणून याचा उल्लेख करणे अगत्याचे वाटले.

कोणी म्हणतील, आवारातील किरकोळ धक्क्यांचे एवढे स्तोम कशाला? यास उत्तर असे की, वाहन बेफिकिरीने कोठेही उभे करण्याची सवय फाटकापाशी गळून पडत नाही. तोच चालक तीच सवय घेऊन महामार्गावर जातो. 5 एप्रिल 2025 रोजी कलबुर्गी जिल्ह्याच्या जेवर्गी तालुक्यात नेलोगी क्रॉसजवळ उभ्या असलेल्या मालमोटारीवर प्रवाशांची गाडी आदळून पाच जण मृत्युमुखी पडले. त्यापूर्वी 26 ऑक्टोबर 2023 रोजी चिक्कबळ्ळापूर येथे पहाटेच्या धुक्यात उभ्या टँकरवर गाडी आदळली आणि तेरा जीव गेले. चालत्या वाहनाइतकेच उभे वाहनही घातक ठरू शकते, हे या दोन घटनांवरून स्पष्ट होते. सबंध देशात 2022 या एका वर्षात रस्त्यावरील अपघातांत 1,68,491 माणसे दगावली, असे सरकारी अहवालात नमूद आहे.

मात्र सर्व दोष चालकाच्या माथी मारून मोकळे होणे न्यायाचे होणार नाही. माल आज रात्रीच पोचला पाहिजे असा हट्ट कोण धरतो? सकाळी आलेली मालमोटार काट्यावर व ओट्यापुढे संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवून, भरणी झाल्यावर चालकास ‘आता हाण’ असे कोण सांगतो? दिवसभर उन्हात थांबलेला, रात्री झोप न मिळालेला माणूस वाहन मागे घेताना चुकला, तर त्या चुकीत आपल्या घाईचा वाटा असतोच. वाहन भाड्याने आपण ठरवितो, भाडे आपण मोजतो. त्यामुळे अटी घालण्याचा अधिकारही आपलाच आहे. तो आपण दराच्या बाबतीत अगदी कसून वापरतो, सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र विसरतो.

आपल्या शास्त्रकारांनी हिंसेचा विचार करताना प्रमादास, म्हणजे गाफीलपणास, मोठे स्थान दिले आहे. मुनींना सांगितलेल्या ईर्यासमितीत चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकण्याचा दंडक आहे, आणि तो मुंगीच्या जिवासाठी आहे. आपण गृहस्थ आहोत, तेवढे व्रत आपणांस पेलणार नाही. परंतु मुंगीसाठी पाऊल जपणाऱ्यांच्या समाजात हमालाच्या जिवासाठी चाक जपले जाऊ नये, ही गोष्ट शोभणारी नाही. ‘मुद्दाम केले नाही’ या सबबीने प्रमाद धुऊन निघत नाही.

संघाने या बाबतीत पुढील नियम करावेत असे सुचवितो. पहिला, मागे माणूस उभा राहून इशारा देत असल्याखेरीज कोणतीही मालमोटार आवारात मागे घेऊ नये. क्लीनर नसेल तर दुकानाने आपला माणूस द्यावा. दुसरा, ट्रॉल्या, मालमोटारी आणि दुचाकी यांच्या उभे राहण्याच्या जागा चुन्याने आखून वेगळ्या कराव्यात, व दुकानदारांनी आपल्या मोटारी भरणीच्या जागेत लावू नयेत. तिसरा, भरणी-उतराईच्या वेळा पाळीने वाटून द्याव्यात, म्हणजे एकाच वेळी गर्दी होणार नाही. चौथा, फाटकावर एक नोंदवही ठेवावी. धक्का देणाऱ्याने वाहनाचा क्रमांक व नुकसान त्यात लिहावे, आणि न लिहिता जाणाऱ्या वाहनास पुढे कोणी सभासदाने भाडे देऊ नये. पाचवा, जखमी हमालाच्या बुडालेल्या मजुरीसाठी प्रत्येक हंगामात पोत्यामागे अल्पशी रक्कम बाजूस काढावी.

यांपैकी एकाही नियमास मोठा खर्च नाही. चुना, वही आणि एक माणूस एवढ्यावर भागते. नियम मोडणारा आपलाच सभासद, कदाचित आपलाच सोयरा निघेल, त्या दिवशी संघाची खरी परीक्षा होईल. त्या वेळी भीड न धरता नोंद करण्याची तयारी ठेवूनच व्यापारी बंधूंनी या सूचनांचा विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.