भीमथडीचे तट्टू आकाशात

दिवाळी आली की आमच्या निगडीच्या प्राधिकरणात किल्ले उभे राहतात. पूर्वी ते अंगणात असत, आता इमारतीच्या पार्किंगमध्ये असतात, एवढाच फरक. मातीचे बुरूज, अळिवाचे हिरवे रान, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज आणि पायथ्याशी घोडेस्वार मावळे. गेली काही वर्षे या थाटात एक नवा पाहुणा दिसू लागला आहे. तो म्हणजे किल्ल्यावर दोऱ्याने टांगलेले प्लास्टिकचे लढाऊ विमान! पोक्त मंडळी ते पाहून हसतात. एखादे इतिहासप्रेमी आजोबा पोरांना दटावतातही, "अरे, महाराजांच्या काळात विमान कुठले?"

मला मात्र पोरांची बाजू घ्यावीशी वाटते. घोडा आणि विमान ही जोडी दिसते तितकी विजोड नाही. लढाऊ विमानाचा आराखडा करताना डोळ्यांपुढे घोडा ठेवणारा एक माणूस होऊन गेला आहे. तो जर्मन होता. हिटलरच्या राजवटीत त्याने विमाने केली आणि पुढे आपल्या बंगलोरला येऊन आपल्यासाठीही एक विमान केले. त्याचे नाव कुर्ट टँक.

मराठीच्या मास्तराने विमानाच्या वाटेला जावे हे काहींना रुचणार नाही. पण या सदराचे जुने वाचक जाणतातच की विषय कोणताही असो, माझी गाडी शेवटी एखाद्या शब्दापाशी येऊन थांबते. आजही थांबेल, जरा लांबच्या वाटेने, इतकेच.

टँकचा जन्म १८९८ सालचा. पहिल्या महायुद्धात तो जर्मन घोडदळात होता. युद्धानंतर तो इंजिनिअर झाला आणि १९३१ मध्ये ब्रेमेनच्या फोक-वुल्फ कारखान्यात आला. त्या वेळच्या वेगवान लढाऊ विमानांबद्दल त्याचे एक मत होते. इंग्रजांचे स्पिटफायर आणि जर्मनांचे मेसरश्मिट १०९ ही दोन्ही विमाने त्याला शर्यतीच्या घोड्यांसारखी वाटत. खुराक चांगला, मैदान सपाट आणि स्वार कसलेला असेल तर त्यांच्या वेगाला तोड नाही. पण लढाई काही रेसकोर्सवर होत नाही. चिखलात, थंडीत, अपुऱ्या दाण्यावर, अर्धवट शिकलेल्या स्वाराला घेऊन जो चालतो तो फौजेचा घोडा. टँकला तसा घोडा करायचा होता.

हे वाचताना कोणत्याही मराठी माणसाला भीमथडीचे तट्टू आठवावे. आमच्या पवना-इंद्रायणीचे पाणी शेवटी ज्या भीमेला जाऊन मिळते, तिच्या काठचे ते जनावर. उंचीने बेताचे, दिसायला साधे. अरबी घोड्याशेजारी उभे केले तर कोणी वळून पाहणार नाही. पण मिळेल तो चारा खाऊन डोंगर चढावा आणि दिवसभर दौड करावी ती त्यानेच. मराठी फौजांच्या पायाखाली मुलूख आला तो या तट्टांच्या पाठीवरून.

आता या दोन जर्मन घोड्यांची नीट ओळख करून घेऊ. मेसरश्मिट १०९ हे खरोखरच देखणे आणि तडफदार विमान. १९४० मध्ये इंग्लंडवरच्या हवाई लढाईत त्याच्या पोटात डाइमलर-बेंझचे इंजिन होते. चाकणच्या रस्त्याने मोटारींवर तीन टोकांचा जो तारा मिरवताना दिसतो, तो याच घराण्याचा. या इंजिनात पेट्रोल पंपाच्या दाबाने थेट आत सोडले जाई. त्यामुळे वैमानिकाने नाक एकदम खाली घालून सूर मारला तरी इंजिन अडखळत नसे. त्या वेळच्या स्पिटफायरचे इंजिन अशा वेळी क्षणभर गुदमरे आणि तेवढ्या क्षणात शिकार निसटून जाई.

पण या देखण्या घोड्याचे पाय नाजूक होते. त्याची चाके धडाला जोडलेली आणि एकमेकांच्या फार जवळ. जमिनीवर टेकताना किंवा सुटताना जरा तोल गेला की विमान कलंडे. शत्रूची गोळी न लागताही कितीतरी विमाने आपल्याच धावपट्टीवर मोडली आणि त्यांत नवशिके वैमानिक अधिक होते.

टँकचे फोक-वुल्फ १९० पहिल्यांदा उडाले १ जून १९३९ रोजी. त्याचे पाय दणकट, एकमेकांपासून लांब रोवलेले. खडबडीत मैदानातही ते ठाम उभे राही. वैमानिकाला चौफेर दिसावे असे काचेचे झाकण. मिस्त्र्याचा हात सहज पोचावा अशी मोठाली उघडणारी दारे. आणि सर्वांत मोठी सोय म्हणजे एकच दांडा. इतर विमानांत वैमानिकाला पंख्याच्या पात्यांचा कोन, हवेचे आणि पेट्रोलचे प्रमाण, इंजिनाचा दाब हे सारे वेगवेगळे सांभाळावे लागे. येथे एक दांडा पुढे ढकलला की बाकीचा हिशेब यंत्र आपला आपण करी. जिवावर बेतलेल्या माणसाला दोनच हात असतात, हे टँक विसरला नव्हता. पहिल्या विमानांत इंजिन इतके तापे की वैमानिकाचे पाय भाजून निघत. ते सुधारण्यात बराच काळ गेला. पण १९४१ मध्ये हे विमान इंग्लिश खाडीवर आले आणि इंग्रजांच्या तोंडचे पाणी पळाले.

आमच्या शेजारी चाकणच्या एका कारखान्यात कामाला असलेले एक गृहस्थ राहतात. त्यांना ही हकिकत सांगितली तेव्हा ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "सर, चांगलं मशीन कोणतं, सांगू? तिसऱ्या पाळीला काल लागलेलं पोर झोपेत असलं तरी ज्याच्यात त्याचं बोट सापडत नाही, ते." टँकने जे मोठमोठ्या आराखड्यांत मांडले ते आमच्या शेजाऱ्यांनी एका वाक्यात सांगून टाकले.

या विमानाची एक हकिकत मोठी मजेदार आहे. २३ जून १९४२ ची संध्याकाळ. आर्मिन फाबर नावाचा जर्मन वैमानिक चकमकीत दिशा चुकला. खालचे पाणी त्याला इंग्लिश खाडी वाटले. होती ती ब्रिस्टलची खाडी. आपण फ्रान्सला पोचलो असे समजून स्वारीने खुशीत पंख हलवले, विजयाची गिरकी घेतली आणि विमान ऐटीत खाली उतरवले ते वेल्समधल्या पेंब्रे येथील इंग्रजांच्या तळावर! तळावरच्या माणसाने इशाऱ्याचे बार काढायचे पिस्तूल रोखून त्याला कैद केले. ज्या विमानाचे गूढ उकलण्यासाठी इंग्रज धडपडत होते, ते असे पाहुणे होऊन दारात आले.

हसून झाल्यावर मात्र या वैमानिकांच्या दुसऱ्या बाजूकडे पाहायला हवे. वर्गात अधूनमधून एखादा विद्यार्थी भेटतो, ज्याला जर्मन वैमानिकांचे आकडे पाठ असतात. पहिल्या महायुद्धातला रिश्टहोफेन, ८० विमाने. दुसऱ्यातला एरिश हार्टमन, ३५२. फोक-वुल्फवरचा ओटो किटेल, २६७. आकडे ऐकून आपले डोळे विस्फारतात. क्रिकेटच्या धावा ऐकाव्यात तसे आपण ते ऐकतो. पण ते एवढे फुगले कसे, याचे एक कारण फारसे कोणी सांगत नाही. इंग्रज-अमेरिकन वैमानिकांना ठरावीक कामगिरी झाली की लढाईतून काढून विश्रांती दिली जाई, आणि पुष्कळदा नव्यांना शिकवायला बसवले जाई. जर्मन वैमानिकाला अशी सुटका बहुधा नसे. मरेपर्यंत, जायबंदी होईपर्यंत किंवा कैद होईपर्यंत त्याने उडत राहायचे. किटेलही फेब्रुवारी १९४५ मध्ये, युद्ध संपायला तीन महिने उरले असताना मारला गेला.

आणि त्याच्यामागे कोण होते? १९४४ पर्यंत जर्मनीत पेट्रोलचा दुष्काळ पडला होता आणि शिकवणीचे तास कापले गेले होते. नव्या जर्मन पोराला लढाईत ढकलले जाई तेव्हा त्याच्या उड्डाणाचे तास समोरच्या अमेरिकन वैमानिकाच्या निम्म्याहूनही कमी असत. टँकच्या घोड्याचे दणकट पाय त्या पोराला धावपट्टीवर सांभाळून घेत. आकाशात सांभाळणे त्यांच्या हाती नव्हते. हजारांनी अशी पोरे गेली. त्यांच्या नावापुढे कसलाच आकडा नाही. ज्या राजवटीसाठी ती मेली तिच्या विमान-कारखान्यांत धरून आणलेले परदेशी मजूर आणि छळछावण्यांतले कैदी राबत होते, हेही त्या देखण्या विमानांची चित्रे पाहताना विसरून चालणार नाही.

आकड्यांच्या मागे माणूस असतो, हे आपल्याला परके वाटायचे कारण नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांशी झुंजलेल्या मूठभर हिंदी वैमानिकांत मुंबईचा एक तरुण होता. श्रीकृष्ण वेलिंगकर त्याचे नाव. केंब्रिजला शिकायला गेला, तेथून इंग्रजांच्या हवाई दलात शिरला आणि तेविसाव्या तुकडीत डॉल्फिन जातीचे विमान चालवू लागला. जून १९१८ मध्ये आघाडीवरून तो परतला नाही. त्याच्या मृत्यूची तारीख ३० जून अशी नोंदलेली आहे आणि फ्रान्समधल्या हांगार गावच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे. पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय दोन आठवड्यांत दहा विजय मिळवून पडला. त्याचे नाव निदान पुस्तकांतून येते. आपला वेलिंगकर मराठी घरांतून फारसा कोणाला ठाऊक नाही. त्या वर्षी कुर्ट टँक वीस वर्षांचा होता, समोरच्या बाजूला.

युद्ध हरल्यावर टँक अर्जेंटिनात गेला. तेथली सत्ता उलटली तेव्हा १९५६ मध्ये तो आपल्या सोबत्यांसह भारतात आला. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली आपल्या इंजिनिअरांनी आपले पहिले जेट लढाऊ विमान आखले. आधी पूर्ण आकाराचा लाकडी, बिनइंजिनाचा नमुना डाकोटा विमानामागे बांधून उडवला. मग १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी खरे विमान आकाशात नेले. त्याचे नाव 'मरुत्'.

घोडा उत्तम होता. चाऱ्याची मात्र आबाळ झाली. ज्या ताकदीच्या इंजिनावर टँकने हिशेब मांडला होता ते इंग्लंडात पूर्ण झालेच नाही. त्याचा खर्च उचलायला आपणही तयार झालो नाही. शेवटी हलक्या ताकदीची दोन इंजिने बसवून काम भागवावे लागले. आवाजाच्या दुप्पट वेगाने जायचे विमान आवाजाचा वेग गाठतानाही धापा टाकू लागले. पुढे अधिक ताकदीसाठी केलेल्या नमुन्याची चाचणी घेताना जानेवारी १९७० मध्ये सुरंजन दास अपघातात गेले. मरुत् एकूण १४७ झाली आणि मग ती वाटच बंद झाली.

तरी १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या वाळवंटात हेच अर्धपोटी तट्टू कामाला आले. जमिनीलगत उडून त्याने रणगाडे आणि रेल्वेगाड्या टिपल्या. एक इंजिन बंद पडल्यावर दुसऱ्यावर ते वैमानिकाला घरी घेऊन आले. शत्रूच्या विमानाने आकाशातल्या झुंजीत एकही मरुत् पाडले नाही. वेगाच्या शर्यतीत जे हरले होते, ते फौजेच्या कसोटीला उतरले.

आणि आता माझा शब्द. मरुत् म्हणजे नुसता वारा नव्हे. मरुत् हे वेदांतले वादळाचे देव, रुद्राचे पुत्र. त्यांचे वैशिष्ट्य असे की ते एकटे येत नाहीत. येतात ते गणाने. त्यांच्यात थोरला-धाकटा नाही आणि अमक्याने इतके मारले असा जमाखर्चही नाही. विमानाला हे नाव सुचवणाऱ्याच्या मनात हे होते की नाही कोण जाणे, पण नाव फार नेमके पडले. विमान उडते ते एका वीराच्या जोरावर नव्हे. त्यामागे आराखडा करणारा असतो, रात्री जागून नटबोल्ट आवळणारा असतो, शिकवणारा असतो आणि वेळेवर इंजिन पुरवणाराही असावा लागतो. या गणातला एकजण उणा पडला तर काय होते, ते मरुतानेच आपल्याला दाखवले. ज्या पट्ट्यात आपण राहतो तेथे देशोदेशीची यंत्रे जोडली जातात. आपली मुले ती फार छान जोडतात. पण यंत्राचे काळीज घडवायला लागणारा वेळ, पैसा आणि चिकाटी आपण देणार का, हा १९६१ चा प्रश्न आमच्या पोरांच्या पुढ्यात अजून तसाच आहे.

पुण्यात प्रभात रस्त्याकडच्या कमला नेहरू उद्यानात एक मरुत् ठेवलेले आहे. सुट्टीत मुलांना तेथे घेऊन जा. ते किती वेगाने जाई, हे मुले आधी विचारतील. सांगा, फार वेगाने नाही. किती विमाने पाडली, हेही विचारतील. त्याला उत्तर देण्याआधी त्यांना सांगा, की एक पाय मोडला तरी मालकाला घरी आणून सोडणारा घोडा असतो ना, तसे ते होते. मग भेळ खायला हरकत नाही.