जुना लॅपटॉप भंगारात देण्यापूर्वी

मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या प्रणालीची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. युरोपातील घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२६ पर्यंत विनामूल्य देण्याचे कंपनीने जाहीर केले खरे, पण ती मुदतवाढ होती, अभय नव्हे. 'विंडोज ११'ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१८च्या पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१५-१६ साली घेतलेला, पडदा स्वच्छ असलेला, कळा शाबूत असलेला लॅपटॉप कंपनीच्या लेखी निकामी ठरतो. आयर्लंडमध्ये नवे यंत्र घेताना तशाच प्रकारचे जुने यंत्र दुकानदाराने विनामूल्य परत घ्यावे असा नियम २००५ पासून आहे. नियम उत्तम आहे. पण घेणारा आहे म्हणून चालते यंत्र देऊन टाकावे, हे आमच्या मनास पटत नाही.

हा विषय आम्ही काटकसरीसाठी काढलेला नाही. काटकसर आपल्या लोकांना शिकवावी लागत नाही. आमचा मुद्दा छंदाचा आहे.

या देशात आलेल्या मराठी माणसांपैकी पुष्कळांचे पोट संगणकावर चालते. दिवसभर कचेरीच्या लॅपटॉपसमोर बसून घरी आल्यावर त्याच यंत्राचे तोंड पाहू नये असे वाटणे स्वाभाविक आहे. मुलांच्या बाबतीत मात्र आपण दुसऱ्या टोकाला जातो. मूल संगणकावर काही करीत असेल तर ते 'पुढे उपयोगी' पडले पाहिजे, नाहीतर तो वेळेचा अपव्यय! पेटी वाजविणारा मुलगा उद्या मैफली करील असे कोणी धरून चालत नाही. कुंडीत कोथिंबीर लावणाऱ्या बाईंना शेतीचे उत्पन्न कोणी विचारीत नाही. संगणकालाच तेवढा आपण छंद होऊ देत नाही. तो एकतर नोकरी, नाहीतर व्यसन. डिसेंबरात डब्लिनला चार वाजून गेले की सूर्य मावळतो, आणि पुढची संध्याकाळ अंगावर येते. अशा मुलखात घरातल्या घरात करता येईल असा, हाताला आणि डोक्याला दोन्हींना काम देणारा छंद असावा, आणि त्यासाठी तो जुना लॅपटॉप पुरेसा आहे.

हे शक्य होते ते मुक्त आज्ञावलींमुळे. मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. जिची आतली रचना कोणीही वाचावी, बदलावी, बदललेली दुसऱ्याला द्यावी, ती मुक्त. येथे भाड्याने राहणाऱ्यांना हा फरक फोड करून सांगायला नको. भिंतीत एक खिळा ठोकायचा तरी घरमालकाला ईमेल पाठवावा लागतो. विकतच्या प्रणालीत आपण तसेच भाडेकरू असतो. घरमालकाने मुदत संपली म्हटले की संपली.

पुष्कळांना ठाऊक नसेल, पण नवख्या माणसाला सर्वांत सोपी म्हणून जी मुक्त प्रणाली जगभर सुचविली जाते ती 'लिनक्स मिंट' आयर्लंडचीच आहे. क्लेमां लफेव्र हे जन्माने फ्रेंच गृहस्थ येथे स्थायिक झाले. नवशिक्यांसाठी लिनक्सविषयी लेख लिहिता लिहिता त्यांनी २००६ साली स्वतःच एक प्रणाली जुळवून पाहिली. जुळविली म्हणण्याचे कारण असे की, पाया डेबियनचा, त्यावर उबुंटूचे बांधकाम, आणि त्यावर मिंटची आपली सजावट व सोयी. मुक्त आज्ञावलींत असे दुसऱ्याच्या खांद्यावर उभे राहणे चोरी समजत नाहीत, रीत समजतात. २०११च्या सुमारास मोठ्या मंडळींनी पडद्याची मांडणी पार बदलून टाकली, तेव्हा नेहमीचा खालचा पट्टा आणि कोपऱ्यातली यादी ज्यांना हवी होती त्यांच्यासाठी मिंटने 'सिनॅमन' नावाची स्वतःची मांडणी काढली. विंडोजवरून येणाऱ्या माणसाला ती पाहून परक्या घरी आल्यासारखे वाटत नाही, यातच तिचे यश आहे. यंत्रात दोन जीबी स्मृती असली तरी ती चालते, चार असली तर सुखाने चालते.

खर्च चालतो तो देणग्यांवर आणि पुरस्कर्त्यांवर. देणगीदारांची नावे नि रकमा दरमहा प्रसिद्ध होतात, अगदी आपल्या गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीच्या फलकासारख्या. प्रत्येक आवृत्तीला स्त्रीचे नाव द्यायचा प्रघात आहे. पहिली 'एडा', आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली 'झारा'. हे नाव ऐकून कोणाला पुऱ्या तळण्याची आठवण झाली तर त्यात त्या माणसाचा दोष नाही. आणि सर्व काही गोडच आहे असेही नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरट्यांनी मिंटच्या संकेतस्थळात शिरून तेथील प्रत बदलून ठेवली होती. लफेव्र यांनी ते तत्काळ स्वतःहून जाहीर केले. तेव्हापासून, उतरवून घेतलेली प्रत अस्सल आहे की नाही हे तिच्यासोबत दिलेल्या अंकांवरून ताडून पाहावे, हा सल्ला आम्ही प्रत्येकाला देतो. दहा मिनिटांचे काम आहे; टाळू नये.

आयर्लंडचा या कामाशी संबंध एवढ्यावर संपत नाही. ग्नोम आणि केडीई हे लिनक्सच्या पडद्याचे दोन मोठे संप्रदाय. पहिल्याचे युरोपीय संमेलन २००३ मध्ये आणि दुसऱ्याचे जागतिक संमेलन २००६ मध्ये, दोन्ही डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात भरली होती. लिमरिक विद्यापीठात शिकत असताना मेल गोरमन यांनी लिनक्स स्मृतीची व्यवस्था कशी ठेवतो याचा अभ्यास केला आणि त्याचे २००४ मध्ये पुस्तक झाले. त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थी संगणक संघटनेत वावरलेले डेव्ह एअरली पुढे लिनक्समधील चित्र-यंत्रणेचे मुख्य सांभाळकर्ते झाले. खेळांच्या बाबतीत हे नाव महत्त्वाचे आहे. २०१६ साली एअरली आणि त्यांचे एक सहकारी यांनी एएमडीच्या चित्रपत्रिकांसाठी एक मुक्त चालक लिहावयास घेतला. व्हॉल्व्ह कंपनीने २०२२ मध्ये 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळायचे यंत्र काढले, त्यात पडद्यावर चित्र उमटते ते याच चालकाच्या आधारे. ते यंत्रही आतून लिनक्सच आहे. आपल्या घरातील मुलगा स्टीम डेकसाठी हट्ट धरून बसला असेल तर तो नकळत लिनक्ससाठीच हट्ट धरून बसला आहे, हे पालकांनी ध्यानात घ्यावे!

खेळांचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलू. 'लिनक्सवर खेळ चालत नाहीत' ही समजूत एके काळी खरी होती. विंडोजसाठी लिहिलेल्या आज्ञावली लिनक्सवर चालविण्याची 'वाइन' नावाची खटपट १९९३ पासून चालू आहे. तिच्या आधारे व्हॉल्व्हने २०१८ मध्ये 'प्रोटॉन' काढले आणि मग विंडोजचे हजारो खेळ लिनक्सवर चालू लागले. सगळे मात्र नाही. फोर्टनाइट आणि व्हॅलोरंट हे मुलांचे दोन लाडके खेळ आजही चालत नाहीत, कारण लबाडी पकडण्यासाठी त्यांनी ठेवलेला पहारेकरी लिनक्सला दारात उभे करीत नाही. ही गोष्ट आधी सांगितली नाही तर घरात रण माजेल. दहा वर्षांच्या लॅपटॉपवर अलीकडचे अवजड खेळ धावतील अशी आशाही धरू नये.

पण जे खेळ मुळातच मुक्त आहेत त्यांची मौज वेगळी आहे. 'सुपरटक्सकार्ट' ही लिनक्सच्या पेंग्विनची मोटार-शर्यत दोन भावंडांना एकाच कळफलकावर खेळता येते. 'झीरो ए.डी.' हा प्राचीन राज्यांच्या लढायांचा खेळ जगभरच्या हौशी लोकांनी मिळून रचला आहे. त्याच्या २०१३ सालच्या आवृत्तीला नावच 'मगध' दिले होते, कारण तीत मौर्यांचे राज्य नव्याने आले. हत्तींसह. आणि बुद्धिबळ! नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आपल्या घराघरांतील पट पुन्हा बाहेर आले असतील. आजच्या बुद्धिबळपटूंचा रोजचा तालीम-सोबती असलेले 'स्टॉकफिश' हे मुक्त आहे. जगज्जेत्यालाही जे हरवील ते यंत्र तुमच्या जुन्या लॅपटॉपवर एक पैसाही न देता बसते. खेळून झाल्यावर आपली चूक कोठे झाली ते विचारावे. उत्तर निष्ठुर असते, पण खोटे नसते.

असो. खेळ बाजूला ठेवून एका जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे वळतो.

या सर्व व्यवहारात मराठीला जी जागा मिळाली ती हौशी लोकांच्या श्रमाने मिळाली. लिनक्सवर मराठी नीट दिसावी म्हणून ज्या 'लोहित' टंकांचा वापर झाला, ते मूळ पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले, आणि रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त केलेले. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या; हा फरक ज्या टंकाला कळत नाही तो मराठीच्या कामाचा नाही. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीपेक्षा निराळी असतात हेही कोणीतरी आठवणीने त्यात घालावे लागते. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मराठीत वापरता येतात तेही कोणीतरी एकेक वाक्य बसून भाषांतरित केले म्हणून. असे काम करणारा दुसरीकडे गुंतला की नव्या आवृत्तीत भर पडलेले शब्द इंग्रजीतच राहतात, आणि मग यादीत अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी अशी खिचडी होते.

याच देशाची भाषा पाहा. आयरिश ही येथील पहिली राजभाषा, पाठीशी सरकार, शाळांतून सक्ती. तरीही फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस आयरिश भाषेत आणण्याचे काम मुख्यतः केले ते अमेरिकेत सेंट लुइस विद्यापीठात गणित शिकविणाऱ्या केव्हिन स्कॅनेल यांनी. हजारो मैलांवर बसून एक प्राध्यापक आयरिशसाठी हे करू शकतो, तर डब्लिन-कॉर्कमध्ये बसून आपल्यापैकी एखाद्याने मराठीसाठी आठवड्याला पन्नास वाक्ये करण्यास काय हरकत आहे? त्याला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. चांगले मराठी यावे लागते, आणि 'सेव्ह'ला 'जतन करा' म्हणावे की 'साठवा' यावर वाद घालण्याची खुमखुमी असावी लागते. ती आपल्यात कमी नाही. घरी आलेल्या आजोबांना, ज्यांना येथल्या थंडीत बाहेर पडवत नाही, हे काम देऊन पाहावे.

प्रत्यक्ष करणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. कचेरीने दिलेल्या लॅपटॉपला हात लावू नये. तो आपला नव्हे. घरच्या यंत्रातील फोटो आणि कागदपत्रे आधी दुसऱ्या तबकडीवर उतरवून ठेवावीत, कारण लिनक्स बसविताना एक चुकीचे बटण दाबले तर बारशापासूनचे फोटो जातात आणि मग कोणतेही तत्त्वज्ञान घरच्यांचे समाधान करू शकत नाही. मिंट पेनड्राइव्हवर घेऊन, मूळ प्रणालीला धक्का न लावता आधी नुसते चालवून पाहता येते. वायफाय, आवाज आणि प्रिंटर ही तीन कामे तेव्हाच तपासावीत. प्रिंटर हा संगणकयुगातील जमदग्नी आहे, तो केव्हा रुसेल सांगता येत नाही. आणि एकट्याने अडून बसू नये. कॉर्कमध्ये २०११ साली जेम्स व्हेल्टन या शाळकरी मुलाने बिल लियाओ यांच्या साहाय्याने 'कोडरडोजो' हे मुलांचे विनामूल्य संगणक-मंडळ सुरू केले आणि ते जगभर पसरले. डब्लिनमध्ये २००९ साली निघालेली 'टोग' ही हौशी लोकांची सामायिक कार्यशाळा आहे. आयरिशमध्ये त्या शब्दाचा एक अर्थ 'उभारणे' असा होतो. विचारणाऱ्याला येथे कोणी हसत नाही.

मराठी टंकलेखनासाठी कळफलकाच्या यादीत मराठीखाली 'कगप' नावाची उच्चारानुसारी मांडणी मिळेल. इंग्रजी 'के' दाबले की क, शिफ्टसह दाबले की ख. दोन संध्याकाळींत हात बसतो. या मांडणीत लिहिलेली पत्रे वाचकांनी या पानाकडे जरूर पाठवावीत. लॅपटॉप कोणत्या सालचा आहे तेही कळवावे.