आधी स्वतःचे वजन पेला

८० किलो वजनाचा माणूस साधा जोर, म्हणजे हल्ली ज्याला पुशअप म्हणतात तो, काढण्यासाठी जमिनीवर हात टेकतो, तेव्हा त्याच्या हातांवर सुमारे ५१ किलो भार येतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हा भार मोजला गेला आणि तो शरीराच्या वजनाच्या ६४ टक्के भरला. हाच माणूस जिममध्ये पहिल्या दिवशी बाकावर उताणा झोपला, तर ट्रेनर त्याच्या हातात बहुधा २० किलोचा नुसता बार देतो. तरीही ‘ताकद कमवायची तर लोखंडच उचलायला हवे, जोर-बैठका म्हणजे नुसता वॉर्मअप’ असे सर्रास ऐकू येते. धडधाकट नवशिक्यासाठी ताकदीचा पाया घालायला त्याच्या स्वतःच्या शरीराइतके सोयीचे साधन दुसरे नाही. अट एकच. वजनाच्या चकत्या जशा मोजून वाढवतात, तसाच हा भारही पायरीपायरीने वाढवला पाहिजे.

आणि तो वाढवता येतो. त्याच अभ्यासात गुडघे टेकून काढलेल्या जोरात भार ४९ टक्क्यांवर उतरला. हात ६० सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे टेबलापेक्षा थोड्या बुटक्या आधारावर ठेवले तेव्हा तो ४१ टक्के झाला आणि पाय तेवढ्याच उंचीवर ठेवले तेव्हा ७४ टक्के. ८० किलोच्या माणसासाठी हा जिना ३३ किलोपासून ५९ किलोपर्यंत चढत जातो, तोही घरातल्या घरात. स्नायूला भार लोखंडाचा की स्वतःच्या देहाचा, हे कळत नाही. त्याला ताण कळतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या जपानी अभ्यासात एका गटाने आठ आठवडे पुशअप काढले आणि दुसऱ्याने तेवढ्याच भाराचा बेंच प्रेस केला. छातीच्या आणि दंडामागच्या स्नायूंची जाडी दोन्हीकडे जवळपास सारखीच वाढली. शिवाय जोर काढताना पोट आवळावे लागते, कंबर झोळीसारखी लोंबू द्यायची नसते, मान पाठीच्या रेषेत ठेवावी लागते. बाकावर पाठीला आयता आधार मिळतो. इथे तो आधार स्वतःच व्हावे लागते. पुढे जड वजन उचलताना कंबर सांभाळायची असते, त्याची तालीम इथेच होते.

यावर पहिला आक्षेप असा की जोर-बैठका लवकरच सोप्या होतात आणि मग उरते ती नुसती मोजणी. आक्षेप रास्त आहे. शंभर बैठका मारणाऱ्याचा दमसास वाढतो, ताकद त्या मानाने वाढत नाही. पण हा दोष आकड्यांच्या हौसेचा आहे. पंचवीस-तीस बैठका सहज होऊ लागल्या की पन्नाशीकडे धावण्याऐवजी खाली जाताना तीन सेकंद घ्यावेत, मग एका पायावर अधिक भार द्यावा, मग पाठीवर भरलेली सॅक घ्यावी. एक उणीव मात्र खरी आहे. जमिनीवर ढकलायला मिळते, ओढायला काही मिळत नाही, त्यामुळे पाठ मागे राहते. त्यासाठी बागेतला कमरेइतका आडवा बार पुरतो. पाय जमिनीवर ठेवून, तिरके लटकून छाती बारकडे ओढणे कुठल्याही नवशिक्याला झेपेल अशा बेताने करता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उतारवयाचे काय, विशेषतः पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ होत जाणाऱ्या स्त्रियांचे काय? ऑस्ट्रेलियातील अशा स्त्रियांवर झालेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास लोखंडाच्या बाजूने साक्ष देतो. जाणकारांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने जड वजने उचलणाऱ्या गटात कण्याच्या खालच्या भागातील हाडांची घनता वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती घटली. तेव्हा हाडांसाठी, आणि ताकदीचा वरचा टप्पा गाठण्यासाठी, लोखंडाला पर्याय आहे असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. पण ‘देखरेखीखाली’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे, कंबरेत नीट वाकणे, भिंतीवर हात टेकून जोर काढणे, हे ज्याला जमते त्याला तो जड बार शिकवणे सोपे जाते.

आपल्या तालमींनी हे भांडण कधी मानलेच नव्हते. जोर-बैठकांच्या शेजारीच तिथे करेल, मुद्गल आणि दगडी नाल असत. ‘देशी की जिमचे’ हा वाद त्यामुळे पोकळ आहे. विचारायचे ते एवढेच की आधी काय आणि मग काय. स्नायूंना आठवड्यातून किमान दोन दिवस काम द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्षाची फी एकरकमी भरण्याआधी तीन महिने हे दोन दिवस घरी पाळून पाहावेत. कंबर न लोंबता वीस जोर आणि टाचा न उचलता वीस खोल बैठका जमल्या, की खुशाल बार हाती घ्यावा. आणि ते दोन दिवसही पाळले गेले नाहीत, तर निदान वर्षाची फी तरी वाचेल.